बसला म्हणजे जुळला असं नाही: घरातल्या स्वस्त ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलताना

माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरची कथा बहुतेक वेळा एकच असते. अ‍ॅम्प चालत होता, आवाजही ठीक होता. मालकाने ऑनलाइन नवे व्हॉल्व्ह मागवले, जुने उपटले, नवे दाबून बसवले. त्या दिवसापासून एक बाजू घुमते, नाहीतर फ्यूज उडतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तव्यासारखा तापतो. विचारलं की उत्तर येतं, "पण व्हॉल्व्ह तर बरोबर बसला होता."

बसला होता, जुळला नव्हता. नऊ पिनांचा व्हॉल्व्ह नऊ भोकांच्या कुठल्याही सॉकेटात बसतो. आत कुठल्या पिनेला काय जोडलंय हे सॉकेट सांगत नाही. निम्म्याहून जास्त नुकसान इथेच होतं, आणि उरलेलं बहुतेक घाईत पायऱ्या मागेपुढे केल्यामुळे. म्हणून खालचा क्रम जसा दिलाय तसाच पाळा.

मी इथे ‘व्हॉल्व्ह’ म्हणतो, कारण आमच्याकडचे जुने रेडिओ मेकॅनिक तसंच म्हणतात. तुमच्या अ‍ॅम्पच्या कागदावर ‘ट्यूब’ लिहिलं असेल. वस्तू तीच: काचेच्या नळीतला, आवाज वाढवणारा भाग.

## १. बदलायची गरज आहे का?

व्हॉल्व्ह म्हणजे दर वर्षी बदलायचं ऑइल फिल्टर नव्हे. पुढच्या टप्प्यातले छोटे व्हॉल्व्ह साधारण ५,००० तासांच्या पुढे सहज जातात. आउटपुटचे मोठे व्हॉल्व्ह त्याहून कमी टिकतात, साधारण २,००० तास किंवा थोडे अधिक. रोज ३ तास ऐकलं तर वर्षाला १,१०० तास भरतात, त्यावरून अंदाज घ्या.

खरी लक्षणं अशी: गाणं बंद असतानाही एका बाजूने चरचर येते, एका बाजूचा आवाज महिन्यामहिन्याने दबत जातो, अ‍ॅम्पला बोट लावलं की स्पीकरमधून ‘टंग’ असा घंटेसारखा आवाज येतो, किंवा काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडतो. हा शेवटचा मुद्दा नीट बघा. व्हॉल्व्हच्या डोक्याला आतून आरशासारखा चंदेरी थर असतो. त्याला गेटर म्हणतात आणि आत उरलेला वायू शोषणं हे त्याचं काम. तो दुधासारखा पांढरा झाला की आत हवा शिरली. तो व्हॉल्व्ह संपला, चालू करून बघायचीही गरज नाही.

यातलं काहीच नसेल आणि नुसता ‘आवाज अजून गोड व्हावा’ म्हणून बदलत असाल, तर बदला, पण घाई कशाचीच नाही हे लक्षात ठेवा.

## २. अ‍ॅम्प कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

स्वस्तात मिळणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये दोन जाती असतात. पहिली हायब्रिड: पुढे दोन बोटाएवढे व्हॉल्व्ह, बहुधा ६जे१, आणि मागे खरी ताकद देणारी ट्रान्झिस्टरची चिप. दुसरी पूर्ण व्हॉल्व्हची: मागे लोखंडी ट्रान्सफॉर्मर, वजनाला दणकट, आउटपुटला ईएल८४, ६पी१ किंवा ६व्ही६ सारखे व्हॉल्व्ह.

हायब्रिडमध्ये व्हॉल्व्हखाली छोटा एलईडी बसवलेला असतो आणि तोच नारिंगी किंवा निळा उजेड देतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. खोलीतला दिवा मालवून अ‍ॅम्प चालू करा. क्षणात उजेड पडला तर तो एलईडी. खरं फिलॅमेंट आतल्या नळीच्या टोकांशी सावकाश लालसर होतं, दहा-वीस सेकंद घेतं, आणि बंद केल्यावरही हळूहळू विझतं. व्हॉल्व्हखाली उजेड आहे म्हणून व्हॉल्व्ह जिवंत आहे असं समजू नका. मेलेल्या ६जे१ खालीसुद्धा एलईडी छान जळत असतो.

सावधान: पूर्ण व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये आत २५० ते ४०० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते उरतात आणि त्यांनी माणूस मरू शकतो. झाकण उघडायचा अनुभव नसेल तर वरून व्हॉल्व्ह काढण्या-घालण्यापुरतंच काम स्वतः करा. मोजमाप जाणकाराकडून करून घ्या.

## ३. नंबर जुळवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. काचेवरचा नंबर वाचा, सॉकेटजवळ बोर्डावर छापलेला नंबर वाचा, अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकातला नंबर वाचा. तिन्ही एक असतील तरच पुढे जा. नसतील तर बोर्डावरचा नंबर खरा धरा, कारण आधीच्या मालकाने चुकीचा व्हॉल्व्ह घातलेला असू शकतो.

एकाच व्हॉल्व्हला वेगवेगळ्या देशांत वेगळी नावं आहेत. खालच्या जोड्या निर्धास्त बदलता येतात:

- १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३
- १२एयू७ म्हणजेच ईसीसी८२
- १२एटी७ म्हणजेच ईसीसी८१
- ६डीजे८ म्हणजेच ईसीसी८८. चिनी ६एन११ त्याच घराण्यातला
- ईएल८४ म्हणजेच ६बीक्यू५. चिनी नाव ६पी१४
- ६जे१ च्या जागी ६एके५, ईएफ९५ किंवा ५६५४

आता फसवणाऱ्या जोड्या. त्या समजल्या तर पुढचा निम्मा लेख वाचला नाही तरी चालेल.

१२एएक्स७ आणि ईसीसी८८. दोन्ही नऊ पिनी, उंची जवळजवळ सारखी, आत दोन-दोन ट्रायोड (आवाज वाढवणारे स्वतंत्र भाग). पण १२एएक्स७ चा हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) दोन तुकड्यांचा असतो आणि पिन ९ हा त्याचा मधला सांधा. ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट द्यायचे, किंवा ४-५ एकत्र जोडून त्यांच्यात आणि ९ मध्ये ६.३ व्होल्ट. ईसीसी८८ चा हीटर मात्र सरळ ४ आणि ५ मध्ये, ६.३ व्होल्टचा, आणि पिन ९ ला आत नुसता पडदा. म्हणजे १२.६ व्होल्टच्या सॉकेटात ईसीसी८८ घातला तर त्याला दुप्पट व्होल्टेज मिळतं. हा प्रकार मी स्वतः केलाय. जुळे सोलापूरला राहत असताना पोस्टाने मागवलेली ईसीसी८८ ची जोडी मी १२एएक्स७ च्या जागी बसवली होती. आतली नळी नेहमीच्या लालसरऐवजी पांढरट उजळली, मी स्विचकडे हात नेईपर्यंत विझली, आणि दोन्ही व्हॉल्व्ह कायमचे गेले. ती पांढरी झळाळी अजून डोळ्यांसमोर आहे. सॉकेट ६.३ च्या जोडणीचं असतं तर ४ आणि ५ एकाच तारेवर असल्यामुळे ईसीसी८८ तापलाच नसता. आणि उलट केलं, ईसीसी८८ च्या सॉकेटात १२एएक्स७ घातला, तर तो निम्म्या व्होल्टेजवर कोमट राहतो आणि आवाज मेल्यासारखा येतो.

ईसीसी८८ आणि ६एन१. पिना जुळतात, म्हणून लोक बिनधास्त बदलतात. पण ईसीसी८८ चा हीटर ३६५ मिलिअँपिअर घेतो आणि रशियन ६एन१पी ६०० मिलिअँपिअर. दोन व्हॉल्व्ह असले की ट्रान्सफॉर्मरवर जवळजवळ अर्धा अँपिअर जास्तीचा पडतो. स्वस्त अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एवढी जागा ठेवलेली नसते. उलट्या दिशेने वेगळाच धोका आहे: ईसीसी८८ च्या प्लेटची (आतला बाहेरच्या बाजूचा करडा पत्रा) मर्यादा १३० व्होल्ट. ६एन१ साठी बांधलेल्या सर्किटात त्याहून बरंच जास्त व्होल्टेज असू शकतं.

१२एएक्स७ आणि १२एयू७. पिना एक, हीटर एक, त्यामुळे जळत काहीच नाही. पण १२एएक्स७ आवाज साधारण १०० पटींच्या हिशेबाने वाढवतो, १२एटी७ साधारण ६०, आणि १२एयू७ फक्त १७ ते २०. शिवाय १२एयू७ ला करंटही बराच जास्त लागतो आणि १२एएक्स७ भोवतीचे रेझिस्टन्स तो देत नाहीत. आवाज दबतो, फाटतो, आणि मालक म्हणतो ‘नवा व्हॉल्व्ह डुप्लिकेट निघाला’. व्हॉल्व्ह अस्सल असतो, जागा चुकीची असते.

६पी१ आणि ईएल८४. दोन्ही नऊ पिनी आउटपुट व्हॉल्व्ह, चिनी अ‍ॅम्पमध्ये दोन्ही दिसतात. पिनांची मांडणी वेगळी. कधीही एकमेकांच्या जागी घालू नका.

आउटपुटचे व्हॉल्व्ह घेताना ‘मॅच्ड पेअर’, म्हणजे मोजून सारखा करंट देणारी जोडी, घ्या. छोट्या व्हॉल्व्हसाठी मॅचिंगचे जास्तीचे पैसे देऊ नका, त्यात फरक क्वचितच पडतो. जुन्या रेडिओ मेकॅनिककडे कधी भारत इलेक्ट्रॉनिक्सचे न वापरलेले ईसीसी८३ किंवा ईएल८४ सापडतात. मिळाले तर सोडू नका, पण गेटर चंदेरी आहे ना आणि पिना काळ्या पडलेल्या नाहीत ना, ते दुकानातच बघा.

तपासून घ्या: नंबर जुळला का? हीटरचं व्होल्टेज जुळलं का? हीटरचा करंट जुळला का? तिन्हीची उत्तरं ‘हो’ असतील तरच पैसे भरा.

## ४. भिंतीतल्या विजेचा अंदाज घ्या

हे कुणीच करत नाही, म्हणून मी आवर्जून लिहितोय. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. पण बऱ्याच स्वस्त अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असतो, आणि मागच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. माझ्या घरी रात्री अकरानंतर, आसपासचे कापडाचे माग बंद झाले की, मीटर २४५ दाखवतो.

हिशेब करा: २२० ला ६.३ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर २४५ ला ७ व्होल्ट देतो. हीटरला साधारण १० टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ६.९ पर्यंत. तुम्ही रोज त्या मर्यादेच्या बाहेर ऐकताय. प्लेटचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं. मग ‘ईएल८४ सहा महिन्यांत गेले’ अशी तक्रार येते आणि दोष व्हॉल्व्ह विकणाऱ्याला दिला जातो.

सकाळी, दुपारी आणि रात्री उशिरा अशी तीन वेळा भिंतीच्या सॉकेटमधली वीज मोजून लिहून ठेवा. २२० चा अ‍ॅम्प आणि रात्रीची २४० च्या वरची वीज अशी जोडी असेल तर आधी चांगला स्टॅबिलायझर किंवा व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या, नवे व्हॉल्व्ह नंतर. पट्टीवर ११० किंवा ११५ लिहिलं असेल तर तो अ‍ॅम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावूच नका.

त्याच वेळी अर्थिंगही बघा. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. पेठांमधल्या जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण अर्थच्या भोकामागे तारच नसते. धातूच्या खोक्याचा अ‍ॅम्प अशा ठिकाणी लावला की एक तर घुमतो, आणि आत काही सुटलं तर खोक्यावरच वीज येते.

## ५. साहित्य आधी मांडून ठेवा

- ६०० व्होल्टपर्यंत मोजणारा मल्टीमीटर, वायरी न चिरलेल्या
- १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टन्स, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर आणि मगर क्लिपा लावलेला
- सिरीज बोर्ड, म्हणजे अ‍ॅम्पकडे जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा बोर्ड: ६० किंवा १०० वॉटचा जुना फिलॅमेंटचा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही
- रंगकामाचा मऊ ब्रश, दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- लाकडी पेन्सिल, टॉर्च, कागदी चिकटपट्टी, पेन
- पायात कोरडी रबरी चप्पल

शेवटची ओळ वाचून पुढे जाऊ नका. आपल्या घरांत शहाबादी फरशी असते आणि सकाळी पुसल्यावर ती बराच वेळ ओल धरून ठेवते. अशा फरशीवर अनवाणी उभं राहून उघड्या अ‍ॅम्पला हात लावणं म्हणजे स्वतःच अर्थिंगची तार होणं.

## ६. जुन्या व्हॉल्व्हवरची नोंद घ्या

बदलण्याआधी अ‍ॅम्प अर्धा तास चालवा आणि वहीत लिहा: घुंई आहे का, कुठल्या बाजूला, व्हॉल्यूम कुठे ठेवल्यावर आवाज पुरेसा होतो, ट्रान्सफॉर्मरवर हात किती वेळ ठेवता येतो. बायस (गाणं नसताना आउटपुटच्या व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट) मोजता येत असेल तर तोही, प्रत्येक व्हॉल्व्हचा वेगळा. ही नोंद नसेल तर नव्या व्हॉल्व्हने सुधारलं की बिघडलं हे कळणारच नाही.

बायस फिरवायचा स्क्रू असलेला अ‍ॅम्प असेल तर एक काम याच टप्प्यावर करा. जुने व्हॉल्व्ह आत असताना, चालू अ‍ॅम्पवर मीटर लावून बघा की स्क्रू कुठल्या दिशेला फिरवला की करंट कमी होतो. तो सगळ्यात कमी करंटवर नेऊन सोडा, मगच अ‍ॅम्प बंद करा. बरेच जण नवे व्हॉल्व्ह घातल्यावर दिशा शोधतात, आणि तेवढ्या वेळात नव्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होते.

प्रत्येक व्हॉल्व्हवर चिकटपट्टी लावून ‘डावा पुढचा’, ‘उजवा मागचा’ असं लिहा. मोबाइलवर फोटो काढा.

## ७. बंद, थंड, रिकामा

स्विच बंद करून थांबू नका, प्लग भिंतीतून काढा. वीस मिनिटं थांबा.

व्हॉल्व्ह वरून काढता येत असतील तर खालचं झाकण उघडू नका, त्याची गरज नाही. उघडावंच लागणार असेल तर आधी मोठ्या कंडेन्सरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. मग रेझिस्टन्सची एक क्लिप धातूच्या खोक्याच्या अर्थला लावा आणि दुसरी इन्सुलेटेड भाग धरून कंडेन्सरच्या प्लसला. १५-२० सेकंद ठेवा. काढून पुन्हा मोजा. १० व्होल्टच्या खाली आलं की पुढे जा.

सावधान: स्क्रू-ड्रायव्हरने कंडेन्सर शॉर्ट करू नका. ठिणगीने कंडेन्सर खराब होतो, टोक वितळतं, आणि डोळ्यांना धोका असतो.

सावधान: एक हात कामाला, दुसरा पाठीमागे. दोन्ही हात खोक्यात घातले की वीज छातीतून जाते.

## ८. काढणं

व्हॉल्व्ह बुडाशी धरा. वरचं टोकदार बोंडूक हे काच सील केलेली जागा आहे, त्याला धरून ओढू नका. सरळ वर ओढा, अगदी थोडं पुढे-मागे हलवत. गोल-गोल फिरवलं तर पिनांच्या मुळाशी काच तडकते. ती तड डोळ्यांना दिसत नाही, पण हवा आत जाते आणि आठवड्याभरात गेटर पांढरा होतो.

बोटांचं तेल लागून व्हॉल्व्ह फुटतो असं खूप जण सांगतात. ते हॅलोजन दिव्यांचं खरं आहे, या छोट्या व्हॉल्व्हचं नाही. कापडाने धरा ते नंबरासाठी. जुन्या व्हॉल्व्हचा छापील नंबर अंगठ्याने पुसला जातो, अल्कोहोलने तर एका फटक्यात.

आठ पिनी ऑक्टल व्हॉल्व्ह असेल तर मधला प्लॅस्टिकचा खुंटा शाबूत आहे का ते बघा. त्यावरच्या कंगोऱ्यामुळे व्हॉल्व्ह एकाच दिशेने बसतो. खुंटा तुटलेला व्हॉल्व्ह आठ प्रकारे बसू शकतो, आणि त्यातले सात चुकीचे. तो बाजूला ठेवून द्या.

## ९. सॉकेट साफ करा

सोलापुरात ही पायरी टाळता येत नाही. पूर्व भागात, जिथे घराला लागून माग चालतात, तिथून आलेल्या अ‍ॅम्पच्या सॉकेटात कापसाचे तंतू दाबून बसलेले असतात. टॉर्च मारलात तर नऊ भोकांवर जणू पातळ गादी पसरलेली दिसते. चिमट्याने ओढली की करड्या रंगाची एक चकतीच्या चकती निघते, भोकांचे ठसे उमटलेली. पावसाळ्यात हे तंतू ओल धरतात. शेजारच्या दोन पिनांमध्ये वीज झिरपायला लागते आणि पावसाळ्यातच येणारी चरचर सुरू होते. त्या चरचरीसाठी लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात.

आधी कोरड्या ब्रशने तंतू काढा. मग बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून प्रत्येक भोकात दोन-तीन वेळा वर-खाली करा. दहा मिनिटं सुकू द्या. तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर पुढचा कापूस आणखी घट्ट चिकटतो. एखादं भोक ढिलं वाटलं तर आतली पात सुईने अगदी थोडी आत दाबा, पण अ‍ॅम्प रिकामा झालाय याची खात्री करूनच.

## १०. बसवणं

नव्या व्हॉल्व्हच्या पिना डोळ्यांसमोर धरून बघा. वाकलेली पिन काचेजवळ धरून सरळ करू नका, टोकाकडून हळूहळू करा. माझ्याकडे एक सुटं सिरॅमिकचं सॉकेट आहे. नवा व्हॉल्व्ह आधी त्यात घालून काढतो, पिना आपोआप रांगेत येतात. रेडिओच्या जुन्या दुकानात असं सॉकेट मिळतं.

सात आणि नऊ पिनांच्या वर्तुळात एका जागी मोठी फट असते. सॉकेटातही तशीच फट असते. दोन्ही समोरासमोर आणा, सगळ्या पिना भोकांच्या तोंडाशी लागल्याचं जाणवू द्या, मग सरळ खाली दाबा. जोर लावावा लागला तर थांबा, एखादी पिन बाहेर राहिली आहे.

एका वेळी एकच टप्पा बदला. छोटे व्हॉल्व्ह आज, आउटपुटचे पुढच्या आठवड्यात. सगळे एकदम बदलले आणि घुंई आली, तर ती कुणाची हे शोधण्यात दोन रात्री जातात.

तपासून घ्या: सगळे व्हॉल्व्ह उभे सरळ आहेत का? दोन्ही स्पीकर जोडलेले आहेत का? पूर्ण व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय गाणं लावून कधीही चालवू नका. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उठतं आणि आतल्या गुंडाळीचं इन्सुलेशन फुटतं. तो ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्पमधला सगळ्यात महाग भाग असतो.

## ११. पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्यूम शून्यावर, गाण्याची वायर काढलेली, अ‍ॅम्प सिरीज बोर्डवर. स्विच द्या. बल्ब एकदम उजळेल आणि मग मंद होईल. तो पूर्ण तेजाने जळतच राहिला तर ताबडतोब बंद करा, आत शॉर्ट आहे. मंद झाला तर मिनिटाभरात बंद करून अ‍ॅम्प सरळ भिंतीच्या सॉकेटवर घ्या. सिरीजवर जास्त वेळ चालवू नका. हीटर अर्धवट तापतात आणि तिथे मोजलेला बायस खोटा असतो.

आता दिवा मालवून पाच मिनिटं व्हॉल्व्हकडे बघत बसा. मोबाइल बाजूला ठेवा.

काचेच्या आतल्या बाजूला निळसर चमक चिकटलेली दिसली तर घाबरू नका, आउटपुटच्या व्हॉल्व्हमध्ये ती नेहमीची. जांभळट किंवा गुलाबी धुकं आतल्या पत्र्यांच्या मधोमध भरलेलं दिसलं तर आत वायू आहे, बंद करा. काही युरोपियन छोटे व्हॉल्व्ह चालू होताना तळाशी क्षणभर लखकन चमकतात. तेही ठीक. पण बाहेरचा करडा पत्रा, म्हणजे प्लेट, कुठेही लाल व्हायला लागली तर एक सेकंद थांबू नका. करंट आवाक्याबाहेर गेलाय. कारण बहुधा बायस, किंवा आधीच्या टप्प्यातून डीसी गळू देणारा कंडेन्सर. तो कंडेन्सर बदलल्याशिवाय दुसरी जोडी घातली तर तीही जाईल.

## १२. बायस मोजा

हायब्रिड अ‍ॅम्पवाल्यांनी ही पायरी सोडावी.

बायस फिरवायचा स्क्रू नसेल तर अ‍ॅम्प बहुधा कॅथोड बायसचा असतो, म्हणजे कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारी आतली नळी) जोडलेला रेझिस्टन्सच करंट ठरवतो. तो स्वतःला सावरतो, पण मोजायचं तरीही. अ‍ॅम्प बंद आणि रिकामा असताना कॅथोड रेझिस्टन्स खरा किती ओहम आहे ते मोजा, छापील आकड्यावर जाऊ नका. मग त्यावर क्लिपा लावून, हात बाहेर काढून, अ‍ॅम्प चालू करा आणि वीस मिनिटांनी व्होल्टेज वाचा.

ईएल८४ चं उदाहरण. रेझिस्टन्स २७० ओहम, त्यावर १०.८ व्होल्ट. भागाकार केला की ४० मिलिअँपिअर. त्यातले चार-पाच स्क्रीनचे (प्लेटच्या आधीची जाळी) वजा करा, प्लेटचे साधारण ३५ राहिले. प्लेट आणि कॅथोडमध्ये २५० व्होल्ट असतील तर ८.८ वॉटच्या आसपास. ईएल८४ ची मर्यादा १२ वॉट. छान, व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं चालेल.

तोच अ‍ॅम्प, पण त्या रेझिस्टन्सवर १४.५ व्होल्ट आणि प्लेट-कॅथोडमध्ये २९० आले तर? करंट ५४, स्क्रीन वजा जाता ४८, गुणाकार १४ वॉटच्या पुढेमागे. आवाज उत्तम येईल, पत्रा कदाचित लालही दिसणार नाही, पण व्हॉल्व्ह रोज झिजतोय. असं दिसलं की आधी पायरी ४ वरचे विजेचे आकडे पुन्हा बघा.

स्क्रू असलेल्या अ‍ॅम्पमध्ये सगळ्यात कमी करंटवरून हळूहळू वर या, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून. माहितीपत्रकातल्या आकड्याच्या थोडं खालीच थांबलात तर बरं. १५-२० तास ऐकून झाल्यावर पुन्हा मोजा. नव्या व्हॉल्व्हचा करंट सुरुवातीला सरकतो.

## १३. ऐका, टकटक करा, उलटापालट करा

गाणं न लावता व्हॉल्यूम थोडा वर घ्या आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रत्येक छोट्या व्हॉल्व्हवर हलकेच टकटक करा. स्पीकरमधून थोडासा ‘टक’ आला तर चालेल. ‘टंऽऽग’ करत घुमत राहिला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे. तो परत करा, नाहीतर आवाज कमी वाढवणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, तोच नंबर लागत असेल तर, वापरा.

डाव्या बाजूला चरचर येत असेल तर अ‍ॅम्प बंद करून, थंड झाल्यावर, डावा आणि उजवा व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी घाला. चरचर उजवीकडे गेली तर दोष व्हॉल्व्हचा. डावीकडेच राहिली तर सॉकेट, सांधे किंवा कंडेन्सर बघा. या एका उलटापालटीने मी कितीतरी लोकांचे नव्या व्हॉल्व्हचे पैसे वाचवलेत.

## १४. नंतरची काळजी

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो आणि खोली दुपारभर तापलेली असते. अ‍ॅम्पच्या वर आणि मागे वीतभर तरी मोकळी जागा ठेवा. बंद शोकेसमध्ये कोंडू नका.

धुळीसाठी झाकण हवंच. पण रात्री ऐकून झालं की लगेच वरून सोलापुरी टॉवेल टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. तापलेल्या व्हॉल्व्हवर टॉवेल पडला की उष्णता आत कोंडते आणि टॉवेलचे मोकळे तंतू गरम काचेला चिकटून करपतात. काचेवर तपकिरी डाग दिसले की मला न विचारताच कळतं. अर्धा तास थांबा, हात लावून बघा, मग झाका. त्यापेक्षा पुठ्ठ्याचं मोठं खोकं उपडं ठेवलेलं बरं.

काढलेले जुने व्हॉल्व्ह चालू स्थितीत असतील तर फेकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, कागदावर नंबर, जागा, काढल्याची तारीख आणि त्या दिवशीचा बायस लिहून डब्यात ठेवा. पुढच्या वेळी एखादी बाजू बंद पडली तर ज्याची खात्री आहे असा व्हॉल्व्ह त्या डब्यात हाताशी असेल.